समाधानच्या खटल्याचा वारस

मी, ॲड. विजयश्री निरंजन भालेकर, वय अठ्ठावन्न, राहणार तळवडे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं शाबूत आहे, कोणाची जबरदस्ती नाही. घाईत लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नयेत. काल सकाळी दाराच्या कडीला कोणीतरी कामाचा हातमोजा अडकवून गेलं. चार बोटं कापलेला.

१. राहता फ्लॅट व बँकेतली ठेव पती निरंजन यांना. त्यांनी आता तरी दाराला आणखी एक कडी बसवून घ्यावी. किती सांगायचं माणसाला!

२. दीर लक्ष्मणराव यांनी वास्तुशांतीला दिलेलं भिंतीवरचं घड्याळ त्यांचं त्यांना परत. "वहिनी, फुकटच्या केसेसपायी जीव कशाला धोक्यात घालता? समाधानच्या कंपनीचा मालक तडजोडीला तयार हाय," हा निरोप त्यांनीच आणला. माझ्याच घरात बसून, माझाच चहा पीत! तेव्हापासून ते घड्याळ नजरेसमोर नको झालंय.

३. दर गुरुवारी, कंपन्यांच्या सुट्टीला, मारुतीच्या देवळाबाहेर मी आणि डॉ. प्राजक्ता एका टेबलाशी बसतो. ती कामगारांचे मोडके हात फुकट तपासते, मी त्यांचे दावे फुकट लढते. ते टेबल कोणाच्याही नावे करत नाही. ते तिथेच राहील.

४. समाधानचा खटला. प्रेस मशीनला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे हात आत सापडत नाही. माल भराभर निघावा म्हणून मालकाने एक बटण चिंधीने बांधून ठेवायला लावलं. समाधानच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. सोमवारी त्याची साक्ष आहे. माझं काही बरंवाईट झालं, तर माझी मुलगी अपेक्षा हिने, वकील असली तरी, हा खटला चालवू नये. मला फार भीती वाटते. एकुलती एक पोर आहे माझी.

खुलासा: साक्षीदार म्हणून बोलावलेल्या समाधानने वरचं सगळं वाचलं. म्हणाला, "ताई, मलाबी लई भ्या वाटतंय. पन तुमी नसल्यावर माझ्या बाजूनं कोन उभं राहील?"

म्हणून अपेक्षाला मनाई करणारं वाक्य मी खोडलं आहे. खटला तिला देते. पोरी, भीतीही तुझ्याच वाट्याला आली, माफ कर. रात्री कडी नीट लाव, आणि सोमवारी वेळेवर पोच.

स्थळ: तळवडे. गुरुवार, १२ जून २०२५.

सही: विजयश्री भालेकर

साक्षीदार:
डॉ. प्राजक्ता शेवकरी
समाधान किसन गायके (सही डाव्या हाताने, खोडलेल्या जागीही केली आहे)