ठिगळाच्या माथ्यावरचा श्री

मी, बन्सीलाल निंबा पाटील, वय एकसष्ट, वीज मंडळाचा निवृत्त कनिष्ठ अभियंता, राहणार देवपूर, धुळे, हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवीत आहे. डोके शाबूत आहे. हृदयाबद्दल डॉक्टरांना शंका आहे. सोमवारी नाशिकला त्याची शस्त्रक्रिया आहे. मसुदा संगणकावर इंग्रजी अक्षरांत मराठी टंकून केला व मग हाताने उतरवला.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नी सौ. इंदिराबाई हिला. घरात तिचेच चालते, आता कागदही तिच्या नावाने होईल.

२. पक्कड, टेस्टर व रबरी हातमोजे नाशिकची मुलगी प्रमिला हिला. जावईबापू फ्यूज बदलायलाही माणूस बोलावतात, म्हणून त्यांना देत नाही.

३. ॲल्युमिनियमची शिडी पत्नीचे बंधू सुकदेवभाऊ यांना. ती गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून त्यांच्याचकडे आहे. निदान आता तरी ती परत मागितल्याचा राग त्यांनी सोडावा.

४. संगणकही प्रमिलाला, पण एका जबाबदारीसह. मासिकाबरोबर आलेल्या सीडीत मला एक लिहिण्याचा प्रोग्राम मिळाला. तो जगभर फुकट वाटतात, आणि कोणीही त्यात दुरुस्ती करून पाठवावी अशी रीत आहे. अशा दुरुस्तीला पॅच म्हणतात, म्हणजे ठिगळ. वीज गेली की त्यातले लिहिलेले सगळे जाई. नोकरीभर मीच धुळ्याची वीज घालवत आलो, त्यामुळे हे ठिगळ मीच लावणे योग्य होते. आता प्रोग्राम मिनिटामिनिटाला लिखाण आपणहून जपून ठेवतो.

पॅच फ्लॉपीवर घालून एसटीने नाशिकला जातो आणि तिथून प्रमिला तो नॉर्वेच्या एरिकसाहेबांना पाठवते. प्रोग्रामची मालकी नसली तरी राखण त्यांची आहे. आधी म्हणाले, फार मोठा आहे, तुकडे करा. केले. मग म्हणाले, ओळी सरळ लावा. लावल्या. मग विचारले, वीज रोज का जाते? त्यावर मी तीन पाने लिहिली. आता सगळे मान्य आहे, फक्त माथ्यावरची ‘श्री’ ही ओळ काढा म्हणतात, कारण तिचे काही काम नाही. आमच्याकडे वाण्याची यादीसुद्धा श्रीशिवाय सुरू होत नाही! मी साफ नकार कळवला. तरी प्रमिलाने श्री न काढता पॅच पाठवत राहावे, आणि तिच्यामागे तिच्या मुलांनी.

इथवर टंकले आणि वीज गेली. मंडळाने नव्हे, इंदिराबाईने घालवली. मागे उभे राहून तिने कलम ३ वाचले होते आणि जाऊन मेन स्विच पाडला होता.

“मना भाऊनं नाव उडी गयं ना?” तिने विचारले.

मी स्विच वर केला, संगणक सुरू केला. सुकदेवभाऊ शिडीसकट जागेवर होते. मला इतका आनंद झाला की तिची क्षमा मागायचे राहून गेले.

ती पडद्याकडे बघत राहिली. “काम तं चांगलं शे. मंग तो गोरा घेस का नही?”

मी श्रीचे सांगितले. ती म्हणाली, “देव काय त्या डबामा बठेल शे का? आयुष्यभर लोकेसनी लाइट बंद करी, तव्हय श्री लिखेल व्हतं का? श्री फ्लॉपीवर लिखा, आनि मजारमाईन काढी टाका.”

मंडळात इतकी वर्षे काढली, पण असा तोडगा कोणी सुचवला नव्हता. मी आतली ओळ काढली. तिने फ्लॉपीच्या चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने श्री लिहून हळद-कुंकू वाहिले. सबब, कलम ४ मधील जबाबदारी रद्द. कलम ३ कायम, कारण शिडी अजून आलेली नाही.

५. फ्लॉपी मी स्वतः नाशिकला नेत आहे. माझे बरेवाईट झाले आणि पॅच स्वीकारल्याचे उत्तर आले, तर ते माझ्या फोटोपुढे मोठ्याने वाचावे. मला वाचायचे आहे, खूप वाचायचे आहे, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. आणि एरिकसाहेबांनी आणखी एक दुरुस्ती सांगितली, तर डॉक्टरांना तसे कळवून हे मृत्युपत्र फाडून टाकावे. ती दुरुस्ती दुसऱ्या कोणाला जमणार नाही.

सही : बन्सीलाल निंबा पाटील

साक्षीदार :
१. तोताराम भिका महाजन, निवृत्त लाइनमन
२. पुष्पाबाई दगडू चौधरी, शेजारी (मेन स्विच पाडताना समक्ष हजर)

देवपूर, धुळे
दिनांक १२ नोव्हेंबर १९९९