शेवटची पाळी

मु. करंजधाव, ता. ५ मार्च १९३८

चि. सगुणास लिंबाजी व्हटकर याचा आशीर्वाद, वि. वि.

तुमच्या बाईंनी बापाच्या धंद्यावर निबंध सांगितला आणि तू यादी मागवलीस. यादी चोख हवी म्हणून दोन दिवस आठवून लिहितो. या हातांनी शिवलेल्या मोटा एकशे त्रेसष्ट. पैकी एकशे साठ उत्तम, दोन बऱ्या, एक उसवली, ती तापात शिवली होती. वहाणा मोजल्या नाहीत, सांगण्याजोगे जोड सदतीस. मामलेदाराच्या घोड्याचं खोगीर एक. बैलांच्या गळ्यातले घुंगरांचे पट्टे चोवीस. दगडोबा मास्तरांच्या पुस्तकांना कातडी बांधणी, पुस्तकं सतरा. तुझ्या पाटीच्या कोपऱ्यांना चामडी टोपणं चार. आणि कातरणातून कापलेली मुळाक्षरं, ज्यांवर मी एकोणतिसाव्या वर्षी वाचायला शिकलो. त्यातला ‘ज्ञ’ नीट कापला गेला नाही, तो अजून डोळ्यांत खुपतो.

आता बातमी. गावविहिरीची मोट फाटली आहे. ओढा आटला आहे आणि सगळ्या गावाची नजर त्या एका विहिरीवर आहे. सार्वजनिक विहीर सर्वांना खुली, असा लोकल बोर्डाचा हुकूम निघून दीड वर्ष झालं. तो चावडीत कुलपात आहे. मधल्या पाटलांनी नवी मोट सांगायला माणूस पाठवला, तेव्हा मी निरोप दिला की मोट फुकट शिवीन आणि येसा मांग मोटेचा नाडा फुकट वळील. मोबदला एवढाच, की मोटेतून थारोळ्यात पडणारं पाणी आमच्याही बायका भरतील. महारवाड्याला गेल्या साली आपला आड लागला, त्यांची अडचण नाही. राहिलो आम्ही चांभार आणि मांग. येसा म्हणाला, तुझी मोट नि माझा नाडा, पाटलाच्या बापाला पाणी निघायचं नाही दोघांवाचून. तीस वर्षांत तो पहिल्यांदा माझ्यापेक्षा नेमकं बोलला.

हेच अर्जात लिहून दिलं, आणि भांडण नको म्हणून सोबत पाळ्यांचा तक्ताही करून दिला. कोणी कधी भरायचं, किती घागरी, सगळं रेघा मारून. नक्कल पाठवतो. अक्षर बघ.

तुझी आई म्हणते जेवत जा. लोभ ताणून धर, तुटू देऊ नकोस.

तुझा,
आबा

—

पुणे, ता. १४ मार्च १९३८

ती. आबांस उ. न. वि. वि.

साष्टांग लिहायचं नाही, उभ्यानं नमस्कार लिहायचा, ही तुमची शिस्त इथेही पाळते. खोलीतल्या मुली विचारतात, तुझे आबा आडवे पडत नाहीत का कधी? मी सांगितलं, झोपायला पडतात, तेही उजव्या कुशीवर आणि वेळेवर.

निबंध बाईंनी वाचून दाखवला. एकशे त्रेसष्ट मोटा ऐकून मुली मागे वळून माझ्याकडे बघायला लागल्या. एका मुलीनं मागाहून विचारलं, की इतकं पाणी काढणाऱ्याच्या घरी पाणी कुठून आणतात. मी म्हटलं, आबांचं पुढचं पत्र आलं की सांगते. त्यात चांगलं उत्तर असेल असं वाटतंय.

तक्ता बघितला. अक्षर छापल्यासारखं आहे. पण आबा, एक विचारते, रागावू नका. पहिली गावाची आळी, मग चांभारवाडा, मग अगदी खाली मांगवाडा. येसाकाका शेवटी का? मास्तर सांगायचे ते तुम्हीच मला पाठ करायला लावलंत, की स्वातंत्र्य मागायला एकटा पुरतो, समता मागायला शेजारी लागतो. शेजारी शेवटी कसा बसला?

आईला सांगा, जेवते. भाकरी मात्र तिच्यासारखी कुणाला येत नाही. आहे तो लोभ वाढवावा, घटवू नये.

आपली,
सगुणा

—

मु. करंजधाव, ता. २१ मार्च १९३८

चि. सगुणास आशीर्वाद, वि. वि.

पत्र मिळालं. रांग म्हटली की कोणीतरी शेवटी येणारच. तक्ता विहिरीपासूनच्या अंतराप्रमाणे केला आहे, दुसरा अर्थ काढू नकोस. येसाला मी स्वतः वाचून दाखवला. तो हसून म्हणाला, शेवटी तर शेवटी, पाणी तर तेच. ज्याचं त्याला काही नाही आणि तुला पुण्यात बसून टोचतं.

मोट परवा पुरी झाली. म्हशीचं कातडं, तरवडाच्या सालीत कमावलेलं. दुहेरी टाका, वादी कुठे म्हणून दिसत नाही. येसानं अंबाडीचा नाडा वळला, चौदा वाव लांब. वळताना त्याच्या तळहाताची साल निघाली. मी करंजाचं तेल लावायला दिलं, तर म्हणाला आधी नाड्याला लाव. पाटलांनी कबूल केलं आहे: पाडव्याला मोट जुंपायची आणि तक्ता वाचून पाळ्या सुरू करायच्या. मी सदरा धुऊन ठेवला आहे.

लोभात कसर नसावी.

आबा

—

पुणे, ता. २७ मार्च १९३८

ती. आबांस उ. न. वि. वि.

थोडंच लिहिते, परीक्षा आहे. मी त्या गावात सोळा वर्षं घागर घेऊन फिरले, आबा. विहिरीला सगळ्यांत जवळचा मांगवाडा. मधे फक्त चिंच आणि मोटेच्या बैलांची धाव. चांभारवाडा त्याच्या दुप्पट लांब. अजून पाडव्याला पाच दिवस आहेत. तक्ता बदलता येईल का? नावं चिठ्ठ्या टाकून काढा, नाहीतर तक्ताच नको.

लोभ असतोच, म्हणून लिहिते.

सगुणा

—

मु. करंजधाव, ता. ४ एप्रिल १९३८

चि. सगुणास आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पाडव्याच्या आदल्या दिवशी मिळालं. वाचलं आणि घडी घालून ठेवलं. दिलेला कागद परत मागायला मला लाज वाटली. अक्षर इतकं चांगलं आलं होतं.

झालं ते क्रमानं लिहितो. सगळं गाव धावेवर जमलं. मोट जुंपली. पहिली मोट भरून वर आली, सोंडेतून थारोळ्यात पाणी पडलं, एक थेंब टाक्यातून गळला नाही. मधल्या पाटलांनी माझा तक्ता काढला आणि मोठ्यानं वाचला. लिंबाजी शहाणा माणूस आहे म्हणाले, त्याला पायरी कळते. गावाची आळी भरून झाली. मग चांभारवाड्याला हाक आली. नाथाची बायको पुढे झाली, तिच्या मागे तुझी आई. मी सुद्धा घागर नेली होती, रिकाम्या हातानं काय उभं राहायचं म्हणून. चांभारांच्या सात घागरी भरल्या. मग पाटलांनी बैल सोडायला सांगितले.

येसा चिंचेखाली उभा होता. त्याच्या घरातल्या बायका पुढे आल्या, तशी पाटलांनी कागदावर बोट ठेवलं. बाकी बोलणं लिहीत नाही, पण हे त्यांच्याच शब्दांत लिहितो: “हे माझं नव्हे, लिंबाजीचं आहे. शेवटी म्हणजे शेवटी. गावाचं, गुरांचं, मळ्याचं भागलं की शेवट येईल, तेव्हा बघू.” लोक हसले. हसणाऱ्यांत आपला नाथाही होता. माझा सख्खा चुलतभाऊ; कालपर्यंत ज्या गावानं त्याला थारोळ्यापासून दहा हात लांब उभा केला, त्याच गावाबरोबर हसला. भरलेली घागर खाली ठेवायलाही तो थांबला नाही.

मी बोललो, सगुणा. बोर्डाचा हुकूम, कलम, तारीख, सगळं सांगितलं, आणि तक्ता अंतराप्रमाणे आहे हेही. पाटील म्हणाले, अंतराचा हिशेब तूच केलास ना, मग मोजून दाखव. मी धावेवर पावलं टाकत गेलो. मांगवाडा एकशे दहा. आपला वाडा दोनशे चाळीस. सगळ्या गावादेखत माझ्याच पावलांनी मला खोटं पाडलं. खरं ते तुला पहिल्या पत्रातच दिसलं होतं. अंतराचं मी मागून रचलं. लिहिताना हात आपोआप खाली गेला आणि खाली ‘मांगवाडा’ लिहिलं. इतका आपोआप, की मला ते अक्षरच वाटलं, आकडा वाटला, जात वाटली नाही.

 नाडा चाकावर तसाच होता, त्याच्या कातडीचे कण त्याला चिकटलेले असतील. तो वळून गेला.

घरी आलो तेव्हा माझ्या खांद्यावर भरली घागर होती. ओतून द्यावी असं मनात आलं. तीन दिवस ओढ्यातला चिखल गाळून पीत होतो. प्यायलो. दोघंही.

आज लोभ मागत नाही.

आबा

—

पुणे, ता. २ मे १९३८

ती. आबांस उ. न. वि. वि.

येसाकाका काल इथे आले होते. करंजधाव सोडलं म्हणाले. बायको, सून, सगळे इथे स्टेशनापलीकडे झोपडी बांधून केरसुण्या वळतात. मी खुर्ची दिली, बसले नाहीत. चहा दिला, तो अंगणात उभ्यानं प्यायले आणि कपबशी स्वतः धुऊन ठेवली. आबा, ते माझ्याकडे असं कधी वागले नव्हते. लहानपणी ते मला खांद्यावर बसवून ओढा ओलांडायचे.

त्यांनी सांगितलं, की बोर्डाचा माणूस चौकशीला आला होता. आमची तक्रार नाही, चांभारवाड्याला पाणी मिळालं, बाकीच्यांचं आम्हांला काही म्हणायचं नाही, असा कागद पाटलांनी त्याला दाखवला, आणि खाली व्हटकर म्हणून सही होती. बोर्डाचा माणूस परत गेला. गावात सगळे म्हणतात की लिंबाजीनं पाटलाकडून पैसे घेतले. मी म्हटलं, हे शक्य नाही. तेव्हा ते एवढंच म्हणाले, “तुझ्या बापानं मोट लई चांगली शिवली, पोरी. एक थेंब बाहेर जात नाही.” आणि गेले.

आबा, मी विचारते आहे, आरोप करत नाही. तुम्ही सही केलीत का? त्यांना काय सांगू?

सगुणा

—

मु. करंजधाव, ता. ११ मे १९३८

चि. सगुणास आशीर्वाद, वि. वि.

सही नाथानं केली. त्याला एवढंच लिहिता येतं: नाथा व्हटकर. ते मीच त्याला शिकवलं, कातड्याच्या अक्षरांवर. अर्ज माझ्या हातचा, तक्ता माझ्या हातचा, मग शेवटचा कागद कोणाचा असणार? लोकांचा तर्क चुकीचा आहे, पण वेडगळ नाही.

तुझी आई आता विहिरीवर जात नाही. दोन कोसांवर मांगवाड्यातल्या राहिलेल्या बायकांनी ओढ्यात झिरा उकरला आहे, तिथे जाते. पहिल्या दिवशी ती पोचली, तशा त्या बायका हंडे उचलून बाजूला झाल्या. तिला जागा दिली, जशी वरच्यांना देतात. ती म्हणाली, अगं बसा, मी तुमच्यातली. कोणी बसलं नाही. ती भरून निघाल्यावर त्या परत खाली वाकल्या. तिनं येऊन मला हे सांगितलं आणि चूल पेटवायला बसली.

भावकी बोलत नाही. नाथा म्हणतो, तुला मांग व्हायचं असेल तर हो, आम्हांला कशाला ओढतोस. मांगवाडा बोलत नाही, तो माझ्या सावलीलाही वाट देतो. पाटलांचा निरोप मात्र येतो, की मळ्याची मोट उसवली आहे. आरी हातात घेतो, टाका पडत नाही. मास्तर म्हणायचे समता मागायला शेजारी लागतो. मी मागितली, आणि मागता मागताच शेजाऱ्याला रांगेत मागे सारलं. आता मागायला तोंड आहे, शेजारी नाही.

येसाला काही सांगू नकोस. पाटलांना मी नाही म्हणालो हे खरं, पण त्याला ते सांगितलं तर त्याच्याकडून शाबासकी मागितल्यासारखं होईल. आणि त्यामुळे त्याच्या घागरीत थेंब पडणार नाही. तक्ता मी लिहिला होता, तेवढं तो विसरणार नाही आणि विसरू नये.

तुला मात्र नेमकं ठाऊक असावं, म्हणून खाली लिहितो. पत्र जपून ठेव, कोणाला दाखवू नकोस. तुझा लोभ उरला असेल तेवढा पुरे.

आबा

ता. क. मधले पाटील स्वतः आपल्या घरी आले होते, उंबऱ्याबाहेर उभे राहून बोलले, दिनांक सोळा एप्रिल, शनिवार, दुपारी चारच्या सुमारास. अट एकच: मांगवाड्याबद्दल काही म्हणणं नाही, असं माझ्या अक्षरात लिहून सही करायची. त्याबद्दल चांभारवाड्याला विहिरीवर कायमची पाळी, गावच्या मळ्यांतल्या चौदाही विहिरींच्या मोटा पाच वर्षं माझ्याकडे, आणि रोख दोनशे पंचवीस रुपये.