कॉन ट्वोमीची हजेरी

कॅप्टन प्रुइट,

बुधवार, ५ नोव्हेंबर १८८४, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तुम्ही कॉर्कच्या छावणीत तीस वर्षांपूर्वीच्या क्रिमियाच्या युद्धातल्या मृतांच्या नावांच्या शिळेचं अनावरण केलंत. माझ्या भावाचं, शिपाई कॉन ट्वोमीचं, नाव तिच्यावर नाही.

विचारलं तर हसलात. "बाई, लढाईनंतर संध्याकाळच्या हजेरीत तो हजर आहे. हजर माणसाला मेलेला कसा कोरणार?"

कॉन त्या दिवशी सकाळीच धुक्यात लढताना मेला. त्याला पुरणाऱ्यानेच मला सांगितलं. एरवी कॉन पिऊन पडला असला की हजेरीत त्याच्या नावाला आमच्या गल्लीतलाच त्याचा दोस्त मर्टी हेगर्टी ओ द्यायचा. नन्सच्या शाळेतही आम्ही मैत्रिणींसाठी हेच पाप करत असू. त्या संध्याकाळीही मर्टीनेच ओ दिली, असं मी तीस वर्षं धरून चालले.

पण शिळेवर पहिलंच नाव मर्टीचं आहे, 'सकाळच्या हल्ल्यात' असं पुढे कोरलेलं. तोही सकाळीच मेला.

काल दुपारी स्वयंपाकघरात मी कॉनचं नाव मोठ्याने घेतलं. दाराबाहेरून "हजर" आलं. आवाज मर्टीचा होता, फार थकलेला.

तुम्ही पुन्हा हसाल, म्हणून हे पत्र टपालात टाकायला मन धजत नाही. तरी बजावते: कॉनचं नाव कोरा आणि १ डिसेंबरच्या आत तसं लेखी कळवा. तोवर मर्टीला सुटी नाही.

ऑनोरा ट्वोमी
निवृत्त शिक्षिका