भंडारा उचलायच्या आधी

पालम,
आषाढ वद्य दशमी, शके १८६५

ती. भुजंगदादाला नर्मदाचा पाया पडून नमस्कार.

इकडं आमी सगळे बरे हाव. पाऊस बरा झालाय, कपाशी हिरवी दिसायलीय. वैनीची कंबर कशी हाय? तिला म्हणावं, ओल्या सरपणाचे भारे उचलू नको, मग रात रात कण्हत बसती. बन्सीधरशेटची गाडी उद्या पिंगळीच्या टेसनावर माल भरायला जायलीय, त्यांच्याच हाती हे पत्र देते.

पंचमी जवळ आली. शेजारच्या कस्तुराबाईला न्यायला तिचा भाऊ मुराळी म्हणून येऊन बसलाय, तिचं बोचकं बांधून तयार हाय. सासूबाई मला रोज इचारतात, "तुझा भाऊ कवा यायलाय गं?" मी म्हणते, पेरणी उरकली की येईल. पेरणी कवाच उरकली, हे त्यांनाबी ठाऊक हाय.

काल माणिकमामा येऊन गेले. मला वाटलं मला न्यायला मूळ घेऊनच आले. पाणी दिलं, मी भाकरी टाकायला बसले, तवा मामा हळूच म्हणाले, "भुजंगनं सांगावा दिलाय. बैलगाड्यांच्या शर्यतीचे पंच सोमवारी पुन्हा बसायलेत. तू बांधावर होतीस. खंडोबापुढं भंडारा उचलून शपथ घे आन सांग, की चन्नप्पाच भुजंगच्या वाटंत आला. मग मुराळी येईल. न्हाईतर माहेर इसर."

तव्यावरची भाकरी करपली. मामांना मी दुसरी भाकरी वाढली. जेवून गेले बिचारे, त्यांच्यावर काय राग काढायचा.

राग तुझा आलाय दादा, लय आलाय. ह्यांनी डूख धरून तुझी जोडी बाद केली, किशनराव पंच झाला आन मेव्हण्यालाच बुडवला, असं तू गावोगाव सांगत फिरायलास म्हणे. नेम तुला मी सांगावा का? तूच मला शिकवलास. गाडी पुढं काढायची तर बाहेरच्या मोकळ्या अंगानं काढायची, आन आपलं चाक दुसऱ्याच्या बैलाच्या तोंडापुढं गेल्याबिगर त्याच्या वाटंत शिरायचं न्हाई. वळणावर तर मुळीच न्हाई.

चैती जत्रंत वळणावर धुरळा उठला, आन पंच सगळे देवळापाशी. चन्नप्पाचा बैल पडला एवढं त्यांना दिसलं, का पडला ते दिसलं न्हाई. त्या सांजंला हे घरी आले आन पाय धुता धुता म्हणाले, "धुरळ्यात काय झालं कुणाला ठाव? भुजंगराव म्हणतात त्यांची चूक न्हाई. उद्या मी त्यांच्याच बाजूनं बोलणार."

ऐकलंस का? माझा नवरा तुझ्या बाजूनं बोलणार होता. मीच बोलू दिलं न्हाई.

मी बांधावर होते, वळणाच्या अगदी वर. तू आतल्या अंगानं जोडी घातलीस. जागा नव्हती. चन्नप्पा वरडला, "भुजंगराव, आवरा!" तू मागं वळून बघितलंस. बघितलंस दादा, आन बघून पुन्हा आसूड हाणलास. ते मी ह्यांना सांगितलं, सगळं सांगितलं.  सकाळी हे उठून वळणावरच्या चाकोऱ्या बघून आले आन पंचांत त्यावरूनच बोलले. माझं नाव घेतलं न्हाई. मला म्हणाले, "तुझं माहेर तुटंल." तवापासून तुझ्या शिव्या हे खायलेत, आन मी भाकऱ्या थापायलीय.

मी तुझ्या पाठीला पाठ लावून आलेली. मला काटा टोचला तर तू गाव डोक्यावर घ्यायचास. मग चन्नप्पाच्या बैलाचा पाय मोडला तवा तू गाडीतून खालीसुद्धा का उतरला न्हाईस? त्याची बायको मल्लम्मा अजून त्या बैलाला हातानं चारा भरवायलीय. मला तिच्या दारावरून जायची लाज वाटती.

पंचांनी एका सालाचीच बंदी घातली होती. गप घरी बसला असतास तर पुढच्या चैतानंतर जोडी पुन्हा पळाली असती. तूच तकरार केलीस, तूच भंडाऱ्याची गोष्ट काढलीस. त्याचा दंड तुला ठाऊक हाय. हाकणाऱ्यानं आपल्या तोंडानं कबूल केलं तर बंदी हाय तेवढीच ऱ्हाती. साक्षीदारानं भंडारा उचलून दोष दिला, तर हाकणाऱ्याच्या घरची जोडी जत्रंत पुन्हा कवाच न्हाई. तुझी न्हाई, तुझ्या लेकाचीबी न्हाई.

पंचांचा सांगावा मला आलाय. आता ह्यांना माझं नाव झाकता यायचं न्हाई. मी जाणार. देवापुढं खोटं बोलायची माझी छाती न्हाई, आन चन्नप्पापुढं तर त्याहून न्हाई.

म्हणून लिहायलेय. सोमवारी माझ्या आधी तू पंचांपुढं उभा ऱ्हा. मला आडवं येऊन बोल, कबुलीला वाढीव दंड न्हाई. तू बोललास तर मला भंडाऱ्याला हात लावावा लागणार न्हाई. मग घरी ये, हे तुला दारातून परत लावणार न्हाईत, मी वळखते त्यांना.

न्हाई आलास, तर पंचमीला मी कुणाची वाट बघणार न्हाई. वैनीला सांग, तिच्यावर माझा राग न्हाई.

सोमवारपर्यंत तरी तुझीच बहीण,
नर्मदा