गुड हेवन्स म्हटलं म्हणून

प्रिय नाझिश,

नाही, मी इंग्रजी मिरवायला बोलले नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईनं काय मिरवायचं? हाशिम म्हणतो, तुला वाटलं अम्मी चेष्टा करते. अकरा दिवस फोन उचलत नाहीस, म्हणून तुझ्या भावाच्याच हाती चिठ्ठी पाठवते.

तू फोन केलास तेव्हा माझ्या हातात बांगडा, तव्यात तेल तापलेलं. तू म्हणालीस, अम्मी, मी ओवैसचं घर सोडलं, झिंज भागात मैत्रिणीकडे, लीनाकडे आहे. मी म्हटलं, गुड हेवन्स. तू फोन कट केलास. झालं!

अगं, सव्वीस वर्षं इथे आखातात त्या इंग्रज मॅडमकडे मी जेवण बनवलं. नळ गळला की गुड ग्रेशस, ड्रायव्हर वेळेवर आला की माय वर्ड. हे दोन शब्द माझ्याही तोंडात बसले. हाशिमची अल्फिया हसते, दादी, आता असं कोणी नाही बोलत, ओ माय गॉड बोल. हिचे चिप्स संपले तरी ओ माय गॉड! मग माणूस मेल्यावर काय बोलणार ही पोरगी?

मॅडमचे साहेब गेले ते तिला फोनवरच कळलं. मी बाजूला उभी. बाई एवढंच बोलली, गुड हेवन्स. रडणं नाही, आरडाओरडा नाही. पण खुर्ची अशी धरली होती की बोटं मला सोडवावी लागली. कप फुटला, दूध उतू गेलं तर मी या अल्ला म्हणते, तू रोज ऐकलंयस. पण गुड हेवन्स मी आयुष्यात दोनदाच म्हटलं. तुझे अब्बा गेले तेव्हा, आणि त्या दिवशी तुला.

तुझ्या नवऱ्यानं, ओवैसनं काय केलं ते मी विचारणार नाही. खालच्या मजल्यावरची अख्तरुन्निसा दोनदा जिना चढून विचारायला आली, तिला सांगितलं, खलास, बस झालं, चहा पी आणि जा. आतल्या खोलीतून शिलाई मशीन बाहेर काढलीय, पलंगावर धुतलेली चादर घातलीय. तुझा व्हिसा नवऱ्याच्या नावावर आहे, त्याचं काय ते हाशिम बघेल. सोबत घराची किल्ली आहे. तिथून इथे हूऱ्याला, माझ्याकडे यायला वीस मिनिटं लागतात, सामान घे आणि ये. रडायचं असेल तर इथे येऊन रड. मी कशी आहे, जेवते का, झोपते का, ते विचारू नकोस. मी सांगणार नाही.

तुझीच,
अम्मी