चढावरचा अर्धा सेकंद

१७ फेब्रुवारी
गाडी परत मागं आली! दहात सात वेळा. यवतेश्वरच्या घाटात चढावर आमचा विजेवरचा तीनचाकी टेम्पो उभा करायचा, ब्रेक सोडून रेस द्यायची — आणि यानं आधी फूटभर मागं जायचं, मग वर निघायचं.

मोटर कुठवर फिरली ते सांगणारा सेन्सर आम्हीच काढला. गेल्या पावसाळ्यात चिखलपाण्यानं सगळे सेन्सर गेले होते. चालती मोटर कुठवर फिरली ते तिच्याच विजेवरून कळतं. उभी मोटर मुकी. पहिला अर्धा सेकंद माझं सॉफ्टवेअर नुसता अंदाज बांधतं. अंदाज चुकला की गाडी उलटी.

आणि पहिली गाडी जाणार कुणाकडे? दादांकडे! इस्लामपूरजवळ, नदीकाठच्या गोठ्यातून दुधाचे कॅन वर आणायला. ‘माज्या लेकीनं केल्याली गाडी’ असं गावभर सांगून बसलेत. 

२० फेब्रुवारी
बारापैकी बारा! उभ्या मोटरला बारीक झटके देऊन तिची जागा ओळखायची, ही माझी नवी युक्ती. चालवायला नाथाजीकाका — फौजेतले जुने ड्रायव्हर. मी शेजारी, मान लॅपटॉपमध्ये. चाक इंचभरही मागं नाही. आमचे बॉस राजवर्धन सर म्हणाले, “पहिली गाडी आजच पाठवू. वडिलांचा रिपोर्ट चांगला आला की आणखी दहा गाड्या.”

२२ फेब्रुवारी
दादांचा फोन. “लय भारी हाय गं! एक नंबर!” सर खूश. मी नाही. ग्राफमध्ये बारापैकी सात वेळा मोटरचा उलटा हिसका दिसतोय. मग चाक का हललं नाही? सर म्हणतात, उगाच खुसपट काढू नकोस.

२३ फेब्रुवारी
दादांना पुन्हा विचारलं, चढावर कशी जाते? “एक नंबर.” फोन लगेच ठेवला.

२४ फेब्रुवारी
पुन्हा घाटात. आज लॅपटॉप बंद, मी रस्त्यावर उभी. काकांनी चाचणीचा टेम्पो खुणेवर आणला, जरा मागं घेतला आणि मागचं चाक एका दगडाला टेकवलं.

“काका, हा दगड कसला?”

“चढावर गाडी हुबी केली की दगड लावायचाच, म्याडम. फौजेतली सवय.”

“त्या दिवशी पण होता?”

“व्हय की. बाराच्या बारा टायमाला.”

रडू की हसू! दगड काढला. दहात सहा वेळा मागं. पास झाला होता तो दगड. काकांचा काय दोष? मान वर करून बघायचं काम माझं होतं. सरांना तिथूनच फोन केला — दहा गाड्या थांबवा. भडकले. भडकू देत.

दादा फोन उचलत नाहीत.

२४, संध्याकाळ
आईनं उचलला. दादांचा पाय प्लास्टरमध्ये. पहिल्याच दिवशी, पहिल्याच चढाला गाडी मागं आली, चाक बांधावरनं घसरलं, गाडी कलंडली. “तुला सांगू नगं म्हणालं. पोरीच्या गाडीला कुणी नावं ठिवायची न्हाईत.”