भिंगावरचं कुंकू

आई,

दाराच्या भिंगातून बाहेरचं धूसर दिसतं म्हणालात, म्हणून आज सकाळी तपासलं. दसऱ्याला तुम्ही त्यालाही हळदकुंकू लावलं होतं, ते काचेवर पसरलं होतं. स्पिरिटने पुसलं आहे. मागून ऊन आलं की चेहरा काळा दिसतो, म्हणून व्हरांड्याचा पडदाही सोडला आहे.

काल शकुंतलाताई दारात बराच वेळ उभ्या होत्या, असं शेजारच्या कौशल्याबाई सांगत होत्या. “कोन हाय ते दिसलंच नाई मले,” असं तुम्ही म्हणालात, ते मी खरं मानलं. तुमच्या मनाविरुद्ध लग्न केल्यानंतर त्या पहिल्यांदाच माहेरी आल्या होत्या.

आर्वीला परत जाणारी गाडी धरण्याआधी आज दुपारी त्या पुन्हा येतील. आता चेहरा स्पष्ट दिसेल. दार उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

मी लॅबमधून जेवायला येते. भाजी तिघींपुरती केली आहे.

वत्सला